डीजेचा हात बसायला किती काळ लागतो?

प्रश्न : माझे वय 31 वर्षे आहे. नोकरी सांभाळून गेले आठ महिने मी घरी कंट्रोलरवर (लॅपटॉपला जोडून गाणी वाजवायच्या आणि मिसळायच्या यंत्रावर) डीजेइंगचा सराव करते आहे; आठवड्यातून चार-पाच दिवस, दिवसाला साधारण तासभर. सिंकचे, म्हणजे दोन गाण्यांची लय आपोआप जुळवणारे, बटण दाबले की दोन गाणी छान जुळतात, ते बंद केले की माझी धांदल उडते. गेल्या महिन्यात एका मैत्रिणीच्या घरगुती समारंभात मी 40 मिनिटे वाजवले. आधी बसवून ठेवलेली 14 गाणी त्याच क्रमाने वाजवली, एकही मिक्स, म्हणजे एका गाण्यातून दुसऱ्यात जाण्याचा सांधा, फसला नाही, तरी निम्म्या वेळेनंतर नाचणारे एकेक करून बाजूला झाले. कोणी म्हणते तीन महिन्यांचा कोर्स पुरे, कोणी म्हणते दहा वर्षे आणि दहा हजार तास. खरोखर कुशल डीजे व्हायला किती काळ लागतो? मला उशीर तर झाला नाही ना?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुम्ही आकडा विचारला आहे, तेव्हा आधी आकडाच सांगतो. आठवड्याला चार-पाच तास हा तुमचा वेग धरला, तर सिंकचा आधार न घेता दोन गाणी एका लयीत आणण्याचा हात बसायला साधारण सहा महिने लागतात, आणि ते सहा महिने सिंक बंद केल्याच्या दिवसापासून मोजायचे असतात. ऐकणाऱ्याला कुठेही खटकणार नाही असा तासाभराचा स्वच्छ सेट घरच्या घरी वाजवता यायला एक ते दीड वर्ष जाते. अनोळखी माणसांसमोर दोन-तीन तास उभे राहून फ्लोअर (नाचणाऱ्यांची जागा) धरून ठेवता येणे, ज्याला मी खऱ्या अर्थाने कौशल्य म्हणेन, त्याला तीन ते पाच वर्षे लागतात, आणि तीही महिन्यातून दोन-तीनदा तरी लोकांसमोर वाजवायला मिळत असेल तर. हे अंदाज माझ्या स्वतःच्या शिकण्यावरून आणि ज्यांना मी जवळून शिकताना पाहिले त्यांच्यावरून बांधलेले आहेत. कोणी याहून लवकर पोहोचते, कोणी उशिरा. मात्र या तीन मुदती एकाच घड्याळावर मोजता येत नाहीत, आणि तुमच्या पत्रातली सगळी घालमेल मला त्या एकाच गोष्टीतून आलेली दिसते.

दहा हजार तासांची जी गोष्ट तुमच्या कानावर आली, तिचे मूळ 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आहे. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी बर्लिनमधील संगीत अकादमीतल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांनी लहानपणापासून एकट्याने किती रियाज केला याचा हिशेब मांडला, तेव्हा सर्वांत सरस गटाची वयाच्या विसाव्या वर्षापर्यंतची सरासरी दहा हजार तासांच्या आसपास निघाली. ती सरासरी होती. त्या गटातलेही कित्येक जण या आकड्याच्या खाली होते, आणि वीस वर्षांची ती मुले अजून शिकतच होती. हा आकडा म्हणजे जणू उंबरठा आहे आणि तो ओलांडला की माणूस पारंगत होतो, असा अर्थ पुढे लोकांनी लावला. तो चुकीचा असल्याचे एरिक्सन यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. तुमच्या वेगाने वर्षाला सव्वादोनशे ते अडीचशे तास होतात, म्हणजे दहा हजार तासांना चाळीस-पंचेचाळीस वर्षे लागतील. असल्या हिशेबाने कोणाचेच भले होत नाही. त्या संशोधनातली तुमच्या कामाची गोष्ट निराळी आहे : जी गोष्ट जमत नाही तीच वेगळी काढून, तिच्यावरच लक्ष ठेवून, चूक झाल्याचे तत्काळ कळेल अशा रीतीने केलेला सराव अंगी लागतो.

आता हीच फूटपट्टी तुमच्या आठ महिन्यांना लावून पाहा. तुमचे साधारण दीडशे तास झाले आहेत, आणि नोकरी करून इतके तास देणे ही साधी गोष्ट नाही. परंतु त्यांतले सिंक बंद ठेवून केलेले किती? पत्रावरून माझा अंदाज असा की दहा-पंधरा असतील, कारण धांदल उडू लागली की बोट आपोआप त्या बटणाकडे जाते. माझेही जात असे. याचा अर्थ कानाने लय जुळवण्याच्या बाबतीत तुम्ही आठ महिने जुन्या नाही, तीन आठवडे जुन्या आहात, आणि तीन आठवड्यांच्या मानाने धांदल उडणे अगदी स्वाभाविक आहे. तुमच्या कानांत काही दोष आहे असे समजू नका. त्यांना अजून काम मिळालेले नाही, एवढेच.

हे काम नेमके काय असते ते थोडे जवळून सांगतो, कारण इथेच बहुतेक जण सोडून देतात. मिनिटाला 128 बीट असलेल्या गाण्यात दोन बीटांमधले अंतर जेमतेम 0.47 सेकंद असते. समजा, तुमचे वाजत असलेले गाणे 128 वर आहे आणि येणारे गाणे 128.1 वर. हा फरक आकड्यात नगण्य वाटतो, पण एका मिनिटात ही दोन गाणी एकमेकांपासून बीटच्या दहाव्या हिश्श्याने, म्हणजे सुमारे 47 मिलिसेकंदांनी सरकतात. सुरुवातीला दोन्ही गाण्यांचे किक (ड्रमचे जड ठोके) एकावर एक पडून एकच भरीव ‘धप’ ऐकू येतो. काही सेकंदांनी त्याची धार बोथट होते, मग त्याचा ‘ध-धप’ होतो, आणि मिनिटभराने दोन घोडे वेगवेगळ्या चालीने दौडत असल्यासारखे वाटू लागते. सराव झालेला कान पहिल्या पायरीवरच, म्हणजे धार बोथट होत असतानाच, सावध होतो आणि बोट जॉग व्हीलवर, म्हणजे गाणे पुढे-मागे ढकलणाऱ्या चकतीवर, जाऊन किंचितसा धक्का देते. नवख्याला ‘काहीतरी बिघडले’ इतकेच कळते, पण कोणते गाणे पुढे पळते आहे आणि कोणते मागे पडते आहे, ते कळत नाही. खरी अडचण तेवढीच आहे. हात सगळ्यांचे सारखेच असतात; पुढे कोण आणि मागे कोण, हे ओळखायला कान वेळ घेतो.

त्यासाठी मी शिकणाऱ्यांना एक साधा सराव देतो. तालाची स्पष्ट किक असलेले एकच गाणे दोन्ही डेकवर (कंट्रोलरच्या गाणी वाजवणाऱ्या दोन बाजूंवर) घ्या. लॅपटॉपच्या पडद्यावरच्या लहरी आणि बीपीएमचे (मिनिटाला किती बीट याचे) आकडे कागदाने झाका. एका डेकचा पिच फेडर (वेग कमी-जास्त करणारी सरकपट्टी) डोळे मिटून कुठेही सरकवा, हेडफोन एका कानावर ठेवा, दुसरा कान उघडा राहू द्या, आणि ते गाणे पुन्हा जागेवर आणा. कोणत्या बाजूला धक्का द्यायचा ते कळत नसेल, तर एका बाजूला देऊन पाहा : फाक वाढली तर दिशा चुकली, फाक मिटली तर बरोबर. पहिल्या आठवड्यात गाणे संपेल पण लय जुळणार नाही. त्याने खचून जाऊ नका. महिन्याभरात ते मिनिट-दीड मिनिटावर येते, तीन-चार महिन्यांत अर्ध्या मिनिटावर, आणि पुढे एके दिवशी गाणे जुळून गेल्यावर तुमच्या लक्षात येते की आपण ते जुळवत असताना मनात पुढच्या गाण्याचा विचार करत होतो. तो दिवस आला की हात बसला असे समजावे. रोज वीस मिनिटांहून अधिक हा सराव करू नका, कारण थकलेला कान खोटे सांगतो. उरलेल्या वेळात आवडीचे काहीही वाजवा, सिंक लावूनसुद्धा.

सिंक वापरणे कमीपणाचे आहे असे मी मानत नाही. मोठमोठ्या मंचांवर ते वापरले जाते, आणि त्यामुळे मोकळ्या झालेल्या हातांनी पुष्कळ सुंदर कामे होतात. तरीही त्याच्याशिवाय वाजवता आलेच पाहिजे, या मतावर मी ठाम आहे, कारण सिंक सॉफ्टवेअरने आखलेल्या बीटच्या जाळीवर विसंबून असते आणि ती जाळी चुकू शकते. माणसाने प्रत्यक्ष ढोल-ड्रम वाजवलेल्या जुन्या ध्वनिमुद्रणांत लय श्वासासारखी थोडी खाली-वर होते. तिथे जाळी हमखास घसरते. कधी सॉफ्टवेअर सम चुकीच्या मात्रेवर धरते, आणि बीट जुळलेले असूनही दोन गाण्यांच्या समा एकमेकींना छेद देत राहतात. अशा वेळी पडद्यावर सगळे आलबेल दिसते आणि कानाला मात्र टोचत असते. ज्याचा कान तयार नाही, तो पडद्यावर विश्वास ठेवतो.

ज्यांनी ही कला घडवली त्यांच्याकडे पडदाच नव्हता. ज्या टर्नटेबलवर (रेकॉर्ड वाजवण्याच्या यंत्रावर) पुढच्या कित्येक पिढ्या शिकल्या त्या टेक्निक्सच्या एसएल-1200 चे 1979 मध्ये सुधारित रूप आले. त्यात वेग आठ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करणारा सरकता फेडर होता, आणि बीट मोजून दाखवणारे काहीही नव्हते. त्याआधी, 11 ऑगस्ट 1973 रोजी, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात डीजे कूल हर्क यांनी बहिणीच्या पार्टीत वाजवले, आणि त्या पार्टीला आज हिपहॉपचे उगमस्थान मानतात. नाचणारी मुले गाण्यातल्या एका विशिष्ट तुकड्याची, जिथे गाणारा थांबतो आणि नुसता ताल उरतो त्या ‘ब्रेक’ची, वाट पाहत उभी राहतात, हे हर्क यांनी हेरले आणि तो तुकडाच एकामागून एक वाजवायला सुरुवात केली. त्यांची जोडणी तालात नेहमी अचूक बसत नसे. ती अचूक बसवण्याचा ध्यास पुढे तिथलेच डीजे ग्रँडमास्टर फ्लॅश यांनी घेतला. त्यांनी रेकॉर्डवर मेणखडूने खुणा करून तिचे किती फेरे उलटे फिरवले की ब्रेकची सुरुवात परत हाताशी येते याचा पद्धतशीर हिशेब बसवला. या दोघांचा उल्लेख मी मुद्दाम एकत्र करतो आहे. फ्लॅश यांनी जे केले ते खोलीत बसून, तासन्‌तास मान मोडून होण्यासारखे होते. हर्क यांना जे दिसले ते लोकांकडे पाहिल्याशिवाय दिसणारच नव्हते.

तुमच्या त्या 40 मिनिटांचे उत्तर मला इथेच सापडते. एकही मिक्स फसला नाही आणि तरीही माणसे पांगली, याचे तुम्हाला आश्चर्य वाटले आहे, दुःखही झाले आहे, आणि ते मी समजू शकतो. पण माणसे मिक्स ऐकायला आलेली नसतात. न्यूयॉर्कमध्ये 1970 पासून आपल्या राहत्या जागेत पार्ट्या भरवणारे डेव्हिड मँक्युसो यांनी पुढे मिक्सिंग जवळजवळ सोडून दिले होते; प्रत्येक गाणे सुरुवातीपासून शेवटपर्यंत पूर्ण वाजवायचे, असा त्यांचा शिरस्ता होता, आणि तरीही त्यांच्याकडे वाजणाऱ्या रात्री डीजेंच्या कित्येक पिढ्यांना आदर्श वाटत आल्या आहेत. कोणत्या गाण्यानंतर कोणते गाणे आणि नेमके केव्हा, यातच त्यांचे कसब होते. मी तुम्हाला मिक्सिंग सोडा असे सांगत नाही. तुमचे मिक्स चांगले होते आणि ते पुढे उपयोगी पडेल. तुमचा क्रम मात्र घरी ठरला होता, जिथे ती माणसे नव्हती.

क्रम आधीच पक्का असला की डोके पडद्यावरून वर उचलण्याची गरजच उरत नाही. चौथ्या गाण्याला समोर काय झाले यावर पाचवे गाणे ठरायला हवे, आणि तुमचे पाचवे गाणे आठवड्यापूर्वीच ठरून गेले होते. शिवाय माझा असा कयास आहे की तुमची 14 गाणी चढत्या जोराने लावलेली असावीत. नवखे सगळेच असे लावतात, कारण घरी ऐकताना ते फार परिणामकारक वाटते. प्रत्यक्षात नाचणाऱ्याचे पाय वीस-पंचवीस मिनिटांत थकतात. त्याला जोर थोडा उतरलेला हवा असतो, म्हणजे फ्लोअर न सोडता त्याला दम घेता येईल. तो उतार मिळाला नाही तर तो पाणी प्यायला जातो आणि तिथेच गप्पांत रमतो.

म्हणून पुढच्या वेळी 40 मिनिटांसाठी 40 गाणी न्या आणि त्यांचा क्रम लावू नका. गाणे सुरू झाले की पुढची तीन गाणी मनात धरा : एक जोर वाढवणारे, एक तोच जोर टिकवणारे, एक उतरवणारे. मग मान वर करा. फ्लोअरच्या मध्यभागी नाचणाऱ्यांकडे फार पाहू नका, ते काहीही लागले तरी नाचतात. कडेला उभे असलेल्यांकडे पाहा, ज्यांचे खांदे हलत आहेत आणि पाय अजून हललेले नाहीत. नवे गाणे ओळखू आल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात ते एक पाऊल आत येतात की एक पाऊल मागे जातात, यावर मनात धरलेल्या तीन गाण्यांपैकी कोणते लावायचे ते ठरते. हे वाचायला सोपे आहे. करताना मात्र हेडफोन, फेडर, उरलेला वेळ आणि समोरचे चेहरे असे सगळे एकाच वेळी सांभाळावे लागते, आणि म्हणूनच लय जुळवण्याचे काम आधी हाताच्या सवयीत गेलेले असावे लागते, म्हणजे डोके माणसांसाठी मोकळे राहते.

लोकांसमोरचा तास घरच्या तासाहून वेगळा मोजावा असे मी म्हणतो, त्यामागे माझा एक अनुभव आहे. सुरुवातीच्या काळात एका समारंभात गाणे रंगात आलेले असताना मी पुढचे गाणे चुकून त्याच डेकवर लोड केले जे वाजत होते. आवाज एकदम बंद झाला. पुन्हा गाणे सुरू करायला मला फार तर पाच सेकंद लागले असतील, पण त्या पाच सेकंदांत शंभरएक माणसे माझ्याकडे वळून पाहत होती, आणि त्यानंतरचा अर्धा तास माझे हात थरथरत होते. घरी शेकडो तासांत ही चूक मी एकदाही केली नव्हती. घरी अंधार नसतो, छातीत धडधड नसते, कोणी कानाशी येऊन फर्माईश करत नसते. घरी स्पीकर हाताच्या अंतरावर असतो. मोठ्या दालनात तो दहा मीटर दूर असेल, तर ध्वनीला तुमच्यापर्यंत यायला सुमारे 29 मिलिसेकंद लागतात, आणि हेडफोनमधले गाणे मात्र तत्क्षणी ऐकू येते, त्यामुळे अचूक जुळलेली लयही फाकलेली भासते. अशा जागी डीजेजवळ वेगळा मॉनिटर स्पीकर का ठेवतात आणि तो नसेल तर दोन्ही गाणी हेडफोनमध्येच घेऊन का जुळवावी लागतात, हे मला तिथे उभे राहिल्यावरच समजले. अशा वीस रात्री झाल्या की माणूस बदलतो. म्हणून तुम्ही एक वही करा आणि तीत तासांऐवजी लोकांसमोर वाजवलेल्या वेळा लिहीत जा. सध्या तिच्यात एकच नोंद असेल, आणि एका नोंदीवरून स्वतःबद्दल निकाल देणे अन्यायाचे आहे.

या वेळा मिळवण्यासाठी मोठ्या संधीची वाट पाहू नका. ज्या कार्यक्रमात दुसरा अनुभवी डीजे वाजवणार आहे, तिथे सुरुवातीचा तास मागून घ्या. तो तास कोणालाच नको असतो, कारण फ्लोअर रिकामा असतो, आणि शिकण्यासाठी मला त्याच्याइतकी चांगली शाळा माहीत नाही. माणसे येत असतात, बोलत असतात, आणि तुम्हाला आवाज, वेग, जोर सगळे हातचे राखून त्यांना हळूहळू आत ओढायचे असते. जोरदार गाणी पुढच्यासाठी शिल्लक ठेवायची असतात. हा संयम ज्याला साधला, त्याला पुढचा भरगच्च तास फारसा अवघड जात नाही.

गाण्यांच्या संग्रहाबद्दल तुम्ही काही लिहिलेले नाही, पण वेळेच्या हिशेबात तो मोठा वाटा खातो. दहा हजार फायली साठवून काही साधत नाही. तीनशे गाणी अशी ठेवा की त्यांची नाडी तुम्हाला ठाऊक असेल : शब्द कोणत्या सेकंदाला सुरू होतात, सुरुवातीचा नुसता ताल किती लांब आहे, बेस कुठे गळतो आणि कुठे परत येतो. 128 च्या वेगाला 32 बीटांचे एक आवर्तन बरोबर 15 सेकंदांत पूर्ण होते, आणि नृत्यसंगीतात बहुतेक बदल अशा आवर्तनाच्या समेवरच घडतात. येणारे गाणे त्या समेवर सोडले आणि त्याच क्षणी जुन्याचा बेस काढून नव्याचा दिला, तर ऐकणाऱ्याला गाणे बदलले हे उशिरा कळते आणि बदलल्याचा आनंद मात्र लगेच होतो. वेग वाढवताना सूरही चढतो हे लक्षात असू द्या. की लॉक (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारी सोय) नसेल तर सहा टक्के वेग म्हणजे जवळपास एक अर्धस्वर. आठवड्याला पाच गाणी या बारकाईने ऐकलीत तर सव्वा वर्षात तीनशे होतात. हे ऐकणे प्रवासात, स्वयंपाक करताना, कुठेही होते, आणि मी ते पूर्णपणे सरावाच्या तासांत धरतो.

उशीर झाला का, या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. व्हायोलिनसाठी बोटे लहानपणीच वळवावी लागतात असे म्हणतात. डीजेच्या मुख्य कामात बोटांची तसली कसरत नाही. स्क्रॅचिंग (रेकॉर्ड हाताने पुढे-मागे घासून आवाज काढणे) तेवढे अपवाद आहे, ती मनगटाची स्वतंत्र विद्या आहे आणि तिला स्वतंत्र वर्षे द्यावी लागतात, पण ती आल्याशिवाय डीजे होता येत नाही असे नाही. उलट 31 वर्षे तुम्ही गाणी ऐकत आला आहात, कोणत्या गाण्याला माणसे उठतात आणि कोणत्याला हळवी होतात हे पाहत आला आहात. अठरा वर्षांच्या मुलाकडे हे भांडवल नसते.

तीन महिन्यांच्या कोर्सबद्दल थोडक्यात : यंत्राची ओळख, गेनचे (येणाऱ्या आवाजाच्या पातळीचे) दिवे लालपर्यंत का जाऊ द्यायचे नाहीत, मिक्सरवर कोणती गोष्ट कोणत्या क्रमाने करायची, हे तिथे व्यवस्थित शिकवतात, आणि पाठीमागे उभे राहून चूक दाखवणारे कोणी मिळते. शक्य असेल तर जरूर करा. फक्त प्रमाणपत्र मिळाले त्या दिवसाला शेवट समजू नका.

एका गोष्टीची मात्र मला तुमच्याबद्दल खरोखर काळजी वाटते, आणि ती म्हणजे तुमचे कान. ही कला वर्षे मागते, तेव्हा कानही तितकी वर्षे टिकले पाहिजेत, आणि गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी व्यापकपणे वापरली जाणारी मर्यादा 85 डेसिबलला आठ तास अशी आहे, आणि पुढे प्रत्येक तीन डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. त्या हिशेबाने 100 डेसिबलला केवळ 15 मिनिटे उरतात, आणि डान्स फ्लोअरजवळ 100 डेसिबल सहज गाठले जातात. संगीतकारांसाठी मिळणारे फिल्टर असलेले इअरप्लग पहिल्या मोठ्या कार्यक्रमाआधी घ्या. हेडफोनचा आवाज, लय जुळवायला पुरेल तितकाच ठेवा. घरी आल्यावर कानात शीळ वाजत असेल, तर ती थकव्याची खूण मानून सोडून देऊ नका, पुढच्या वेळी आवाज कमी करा. शीळ दुसऱ्या दिवशीही राहिली तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा.

सराव रेकॉर्ड करत नसाल तर आजपासून करा, आणि ते रेकॉर्डिंग त्याच दिवशी ऐकू नका. दुसऱ्या दिवशी, यंत्रापासून दूर, चालताना ऐका. वाजवताना अभिमान वाटलेले मिक्स तेव्हा लांबलेले वाटतील, आणि घाईत उरकलेला एखादा सहज बसून गेलेला आढळेल. चूक जिथे ऐकू येईल तिथले मिनिट आणि सेकंद लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वीस मिनिटांच्या सरावात काय करायचे हा प्रश्न उरत नाही.

त्या समारंभातली 14 गाणी अजून तुमच्याकडे त्याच क्रमाने असतील. ती एका कागदावर उतरवा आणि पहिली माणसे कोणत्या गाण्याला बाजूला झाली ते आठवून तिथे खूण करा. मैत्रिणीला विचारलेत तर तिला कदाचित तुमच्याहून नीट आठवेल. मग त्या गाण्याच्या जागी तुमच्या संग्रहातली दुसरी कोणती तीन गाणी लावता आली असती ती शोधा, आणि प्रत्येकापुढे ते का, हे एका ओळीत लिहा. यासाठी कंट्रोलर उघडण्याचीही गरज नाही, आज रात्री हे होऊ शकते.